खारपाणपट्ट्यातला पहिला घाणा: ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मिश्र हॉप्स आणि ४४ अंशांचा मे

पार्श्वभूमी

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचं, बोअरचं पाणी खारं लागतं आणि प्यायला गावोगाव आरओचे जार फिरतात. या पट्ट्यातल्या एका गावाबाहेर, हमरस्त्यालगतच्या हॉटेलात परवानाधारक मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवणारा छोटा कारखाना आहे. मोठी टाकी ५०० लिटरची. नवी पाककृती थेट ५०० लिटरवर करून पाहणं परवडत नाही, म्हणून मालकाने २० लिटरचे चाचणी घाणे (एका वेळी बनणारा माल) काढायचं ठरवलं. काम सोपवलं तालुक्याच्या कॉलेजातून सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या सहायकाकडे. इथे त्यांना ‘मालक’ आणि ‘सहायक’ एवढंच म्हणू.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे, मग ती घरच्या घरी आणि स्वतःपुरती का असेना. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे तर दारूबंदीचेच. चंद्रपुरात बंदी २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. या प्रकरणातला सगळा माल परवान्याच्या जागेत बनला आणि नोंदवहीत चढला. पद्धत घरगुती असली तरी जागा घर नव्हती.

२० लिटरसाठी धान्य दळून मॅश करण्यापेक्षा (गरम पाण्यात भिजवून गोड काढा काढण्यापेक्षा) ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट सोयीचं पडतं. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड काढा कारखान्यात आटवून, फवारून त्याची पूड केलेली असते. एक किलो पूड विरघळवून एक लिटर द्रावण केलं तर ग्रॅव्हिटीचे (पाण्याच्या तुलनेत द्रावणाची घनता; १.०४६ म्हणजे ४६ गुण) साधारण ३६७ गुण मिळतात, असा हिशेब धरतात. म्हणजे २० लिटरमध्ये २.४ किलो टाकली की ४४ गुण. रंग आणि अंगासाठी २५० ग्रॅम क्रिस्टल माल्ट भिजवलं की आणखी दोन-तीन. एकूण सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०४६ च्या आसपास.

बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सचा मिश्र डबा मागवला होता: ३० ग्रॅमची आठ पाकिटं, पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) स्वरूपात. त्यात मॅग्नम, फगल, कॅस्केड, सेंटेनिअल, साझ असे वेगवेगळ्या स्वभावाचे वाण होते. हॉप्स ही थंड मुलखाची वेल आहे. आपल्या देशात हिमाचलातल्या लाहौलमध्ये तिची लागवड होते, पण बाजारात मिळतो तो माल बहुतेक आयातच. हा डबा एप्रिलअखेरीस कुरिअरने आला आणि त्याआधी दोन दिवस ट्रान्सपोर्टच्या पत्र्याच्या गोदामात पडून होता.

अडचण

पहिला घाणा दहाव्या दिवशी केगमधून ग्लासात आला. रंग अपेक्षेपेक्षा गडद. पहिला घोट कमालीचा कडू, मागून जिभेच्या कडा आवळणारा तुरटपणा, आणि ग्लास नाकाशी नेला की रंगाच्या दुकानासारखा उग्र वास. रात्रपाळीच्या माणसाने वास घेऊनच ग्लास खाली ठेवला: “दादा, याचा त थिनरवानी वास येऊन रायला.”

मालकाचं निदान तयार होतं: हॉप्स खराब आहेत. त्याला कारणही होतं. फगलच्या पाकिटाची निर्वात पकड सुटलेली होती आणि उघडल्यावर त्यातून जुन्या चीजसारखा, घामट वास आला होता. हॉप्समधली आम्लं उष्णतेने आणि हवेने फुटली की असाच वास येतो. मालकाने ते स्वतः हुंगलं होतं, त्यामुळे पूर्ण डबाच फेकून नवा मागवायचा त्यांचा आग्रह होता. सहायकाला वाटत होतं की यीस्ट, पाणी, हॉप्स, भांडी असं सगळंच बदलून पुन्हा सुरुवात करावी.

दोन्ही वाटांत एकच खोट होती. पुढचा घाणा चांगला निघाला असता तरी नेमकं काय सुधारलं ते कळलं नसतं. बिघडला असता, तर मग काहीच कळलं नसतं.

पहिल्या घाण्यात नेमकं काय झालं

सुदैवाने सहायकाने वही नीट ठेवली होती. ती ओळ न् ओळ वाचल्यावर चार जागा सापडल्या.

पहिली जागा पाण्याची. पिण्याचा आरओ जार महाग पडतो म्हणून सगळं पाणी बोअरचं घेतलं होतं. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर १,४०० आणि तपासणी किटवर क्षारता (आम्लाला विरोध करण्याची पाण्याची ताकद) ४२० मिलिग्रॅम प्रति लिटर. क्रिस्टल माल्ट याच पाण्यात भिजवलं. दाणा मुबलक असला तर तो आपल्या आम्लतेने पाण्याचा सामू (पीएच) खाली ओढतो. इथे ११ लिटर पाण्यात जेमतेम पाव किलो दाणा होता, आणि एवढ्या क्षारतेपुढे त्याचं काही चाललं नाही. सामू सहाच्या वर राहिला की दाण्याच्या सालीतलं टॅनिन पाण्यात उतरतं. जिभेच्या कडा आवळणारा तुरटपणा तिथून आला.

एक्स्ट्रॅक्टच्या बाबतीत आणखी एक मुद्दा हमखास सुटतो. कारखान्यात माल्टचा काढा काढताना वापरलेल्या पाण्यातले क्षार आटवणीत उडून जात नाहीत, पुडीतच राहतात. त्यात बोअरचं पाणी घातलं की क्षारांवर क्षार चढतात. धान्यापासून बिअर करणाऱ्याला पाण्यात कॅल्शियम लागतं. एक्स्ट्रॅक्टवाल्याला ते पुडीतून आयतं मिळालेलं असतं. म्हणून त्याच्यासाठी जवळपास कोरं पाणीच उत्तम.

दुसरी जागा हॉप्सची, पण मालक म्हणत होते त्या अर्थाने नाही. पाककृतीत ६० मिनिटांच्या उकळीसाठी ३० ग्रॅम फगल लिहिलं होतं, अल्फा आम्ल (हॉप्समधला कडूपणा देणारा घटक) ५ टक्के. फगलला वास येतोय म्हणून सहायकाने ते बाजूला ठेवलं (हे बरोबरच केलं) आणि त्याऐवजी मॅग्नमचं एक पाकीट पूर्ण ओतलं. पाकीट तेवढंच, ३० ग्रॅमचं. पण मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं: अल्फा १३ टक्के. हिशेब असा: ग्रॅम गुणिले अल्फा टक्के गुणिले १०, भागिले लिटर, आणि तासाभराच्या उकळीत त्यातलं साधारण ०.२४ पट उतरतं. फगलने १८ कडूपणा आला असता, मॅग्नमने ४७ दिला. शेवटच्या दहा मिनिटांच्या कॅस्केडचे पाच धरले तर २३ च्या जागी ५२. मिश्र डब्यातली पाकिटं दिसायला सारखी आणि वजनाला सारखी असतात, म्हणून हात सहज चुकतो. हॉप्स मोजायचे ते ग्रॅममध्ये नव्हे, अल्फामध्ये.

तिसरी जागा हायड्रोमीटरची, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणाची. उकळी संपल्यावर टाकीच्या पाण्यावर तांब्याची चिलर कॉइल चालवली. पण सिंटेक्सच्या टाकीतलं पाणीच ३७ अंश होतं, त्यामुळे वर्ट (आंबवायचा गोड काढा) त्याखाली जाणं शक्यच नव्हतं. नळीतला नमुना पुढे ३५ अंशांपर्यंत उतरल्यावर वाचला, तेव्हा १.०४२ दिसलं. सहायकाला वाटलं पूड कमी पडली, त्याने २०० ग्रॅम वाढवली. वास्तविक हायड्रोमीटर २० अंशांवर जुळवलेला असतो आणि ३५ अंशांच्या द्रावणात तो चार-पाच गुण कमी दाखवतो. ग्रॅव्हिटी १.०४६ होतीच, ती १.०५० झाली. घाणा यामुळे बिघडला नाही, पण पाककृती हातातून निसटली.

चौथी जागा सगळ्यात महागात पडली. आंबवण कूलरच्या खोलीत ठेवलं होतं. भिंतीवरचा तापमापक दुपारी ३३ दाखवत होता आणि वहीत तोच आकडा रोज चढत होता. फर्मेंटरच्या (आंबवणाच्या भांड्याच्या) अंगावर चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीकडे कोणी पाहिलंच नाही. यीस्ट जोरात काम करत असतं तेव्हा स्वतः उष्णता सोडतं आणि वर्ट खोलीपेक्षा तीन ते पाच अंश गरम होतं. त्यात दुसऱ्या रात्री दहाला वीज गेली, ती पहाटे आली. कूलर बंद, दार बंद, आणि यीस्ट ऐन भरात. एल या प्रकारच्या बिअरच्या सर्वसाधारण यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. ३८ अंशांत त्याने जड अल्कोहोलं आणि एस्टर (उग्र, फळकट वासाची संयुगं) सोडले. थिनरचा वास तो हाच.

पर्याय

पाण्याला आणि हॉप्सला फारसा पर्याय शोधायचा नव्हता, फक्त खात्री करायची होती. खरा प्रश्न तापमानाचा होता आणि त्यावर चार वाटा चर्चेला आल्या.

खोलीला एसी लावणं: २० लिटरसाठी अख्खी खोली गार करायची, आणि वीज गेली की पुन्हा तेच. ही वाट लगेच सुटली.

फर्मेंटरभोवती ओलं बारदान गुंडाळून तो पाण्याच्या टबात ठेवणं आणि समोर पंखा लावणं. मे महिन्यात ही युक्ती वाटते त्याहून चांगली चालते. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर बाष्पीभवनाने पाणी २३–२४ अंशांच्या दिशेने उतरू पाहतं. कूलर आपल्याकडे उन्हाळ्यात का चालतो आणि पावसाळ्यात नुसती दमट हवा का फेकतो, त्याचं कारणही हेच. जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असताना हीच युक्ती २८ च्या खाली नेऊ शकत नाही. म्हणजे उपाय खरा, पण हंगामी.

जुना डीप फ्रीझर आणि त्याला तापमान नियंत्रक. खात्रीचा मार्ग. नियंत्रकाचं टोक हवेत लोंबकळत न ठेवता फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वर फोमचा तुकडा बांधायचा, म्हणजे तो वर्टचं तापमान वाचतो. खर्च जास्त, आणि गावातल्या कमी-जास्त व्होल्टेजमुळे स्टॅबिलायझर वेगळा. मालकांनी हा पर्याय पाककृती पक्की होईपर्यंत पुढे ढकलला.

चौथी वाट सहायकाने सुचवली: उष्णतेशी झगडण्याऐवजी उष्णता मानवणारं यीस्ट घ्यायचं. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतघरांत पिढ्यान् पिढ्या जपलेलं क्वेइक हे यीस्ट आहे. त्यातला व्हॉस नावाचा प्रकार कोरड्या पाकिटात मिळतो आणि ३५ ते ४० अंशांत स्वच्छ काम करतो. मालकांना शंका होती की थंड देशाचं यीस्ट एवढी उष्णता कशी सोसेल. शंका रास्त होती, आणि उत्तर करून पाहण्यातच होतं.

काय केलं

आधी ग्लासांवर चाचण्या झाल्या, कारण ग्लास बिघडला तर दहा रुपये जातात आणि घाणा बिघडला तर दहा दिवस.

स्टीलचे दोन मोठे ग्लास घेतले. दोन्हींत प्रत्येकी १२ ग्रॅम भरडलेलं क्रिस्टल माल्ट आणि अर्धा लिटर पाणी. एकात बोअरचं, दुसऱ्यात आरओचं, टीडीएस ४५. दोन्ही ६८ अंशांवर अर्धा तास ठेवून गाळले आणि गार होऊ दिले. सामू पट्टीवर बोअरचा ग्लास सातच्या जवळ आला, आरओचा साडेपाचला. चवीत तर शंकाच उरली नाही. आरओचा काढा गोड, भाजलेल्या पावाच्या कडेसारखा. बोअरचा तोच काढा कच्ची सुपारी चघळल्यासारखा. मालकांनी दोन्ही चाखले आणि हॉप्सचा विषय तिथेच निम्मा मिटला.

उरलेल्या निम्म्यासाठी हॉप्सचा चहा केला. दर पाकिटातले दोन ग्रॅम पेलेट, ७५ अंशांच्या अर्धा लिटर पाण्यात पंधरा मिनिटं. कॅस्केडला मोसंबीच्या सालीचा, सेंटेनिअलला फुलांचा आणि लिंबाचा वास स्वच्छ होता. साझ थोडा मंदावलेला. फगल चीजवर गेलेलं. तेवढं एक पाकीट फेकलं, बाकीची ठेवली.

दुसरा घाणा मेच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. ४० लिटरच्या स्टीलच्या गंजात १३ लिटर आरओ पाणी घेतलं, त्यात मलमलच्या पिशवीतून क्रिस्टल माल्ट ६८ अंशांवर अर्धा तास भिजवलं आणि पिशवी न पिळता काढली. मग भट्टी बंद करून १.२ किलो पूड टाकली. भट्टी चालू असताना पूड टाकली तर वाफेने ती चमच्याला आणि पाकिटाच्या तोंडाला चिकटून गोळे होतात, आणि तळाला बसलेला गोळा करपतो. उरलेली १.२ किलो पूड शेवटच्या दहा मिनिटांत. अर्धी पूड उशिरा टाकल्याने निम्म्या पाण्यात उकळताना द्रावण दाट होत नाही, हॉप्सचा कडूपणा हिशेबाप्रमाणे उतरतो आणि रंगही गडद होत नाही.

मॅग्नम या वेळी १२ ग्रॅम: ३० गुणिले ५, भागिले १३. दहा मिनिटं उरली असताना २० ग्रॅम कॅस्केड, भट्टी बंद केल्यावर २० ग्रॅम सेंटेनिअल.

गार करण्याचा प्रश्न निम्म्या पाण्यानेच सुटला. गंजात शेवटी साडेदहा लिटर वर्ट उरलं होतं. कॉइलने ते ४५ पर्यंत आणलं आणि आदल्या रात्री उकळून, झाकबंद डब्यांत फ्रीजमध्ये चार अंशांवर ठेवलेलं साडेनऊ लिटर आरओ पाणी त्यात ओतलं. मिश्रण २५–२६ अंशांवर आलं. टाकीच्या पाण्याने जे तीन तासांत साधलं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं. नमुना २० अंशांपर्यंत गार करून वाचला: १.०४६.

इथे निर्णायक पाऊल पडलं. २० लिटरचे दोन भाग केले, वर्ट तेच. पहिल्या १० लिटरला नेहमीचं एल यीस्ट, टबात ओलं बारदान, पंखा आणि दर सहा तासांनी बर्फ झालेल्या दोन बाटल्या. यीस्ट टाकलं ते वर्ट २२ वर आल्यावर. दुसऱ्या १० लिटरला व्हॉस क्वेइक आणि चिमूटभर यीस्टचं खाद्य, कारण कमी ग्रॅव्हिटीच्या वर्टमध्ये या यीस्टला नायट्रोजन अपुरा पडू शकतो. तो फर्मेंटर खोलीच्या कोपऱ्यात नुसता ठेवला. दोन्हींच्या अंगावरची पट्टी दिवसातून चार वेळा वाचायची आणि भिंतीवरचा तापमापक काढून टाकायचा, असं ठरलं.

परिणाम

क्वेइकचा फर्मेंटर ३६–३७ अंशांवर राहिला. एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी झडप) पाचव्या तासाला बोलू लागला आणि चौथ्या दिवशी ग्रॅव्हिटी १.०११ वर थांबली, दोन दिवस हलली नाही. अल्कोहोल सुमारे ४.६ टक्के. थिनरचा मागमूस नाही. व्हॉसचा स्वतःचा संत्र्याच्या सालीसारखा वास कॅस्केडच्या मोसंबीशी छान जुळला. संत्र्याच्या मुलखात हा योग जुळून आला याचं मालकांना अप्रूप वाटलं, आणि ते वाटणं साहजिक आहे.

टबातला फर्मेंटर २२ ते २७ च्या दरम्यान हलत राहिला. तिसऱ्या रात्री बाटल्या बदलायच्या राहून गेल्या आणि पट्टी २९ वर गेली. सातव्या दिवशी १.०१२. बिअर पिण्याजोगी, जरा जास्त फळकट, पण बिनचूक म्हणण्यासारखी नाही. शिवाय सात दिवस दिवसरात्र एक माणूस गुंतला.

पाककृती क्वेइकवर पक्की झाली.

तिसरा घाणा जुलैत काढला तेव्हा वेगळंच संकट आलं. उरलेल्या पुडीचं पाकीट रबर लावून फळीवर ठेवलं होतं. ही पूड हवेतला ओलावा अधाशासारखी ओढते. पहिल्या दोन पावसांतच तिचा दगड झाला. सहायकाने खलबत्त्याने फोडायचा प्रयत्न केला, तुकडे उडाले, हाताला चिकट लेप बसला. शेवटी पूर्ण दगड मोजून कोमट आरओ पाण्यात रात्रभर विरघळवला. दगड झालेली पूड वाया जात नाही, मात्र तिच्या वजनात ओढलेलं पाणी असतं, त्यामुळे वजनावर विसंबून चालत नाही. या वेळी ग्रॅव्हिटी १.०४३ भरली आणि हायड्रोमीटर २० अंशांवर वाचलेला असल्याने ती खरी होती. पूड १६० ग्रॅम वाढवली, १.०४६ झाली.

काय वेगळं करता आलं असतं

ग्लासांच्या चाचण्या पहिल्या घाण्याआधीच व्हायला हव्या होत्या. अर्ध्या लिटरच्या दोन काढ्यांनी पाण्याचा प्रश्न तासाभरात सुटला असता आणि अडीच किलो पूड वाचली असती.

डबा आला त्याच दिवशी आठही पाकिटांवरचे अल्फाचे आकडे वहीत उतरवायला हवे होते, आणि जाड मार्करने पाकिटाच्या दर्शनी बाजूला. आता तसं करतात.

क्वेइकच्या निर्णयाबद्दल एक मतभेद उरतो. त्याने मेचा प्रश्न सोडवला, पण साझसारखा नाजूक हॉप आणि थंडीत आंबवायची, स्वच्छ चवीची लागर शैली या यीस्टवर आणि या तापमानावर बसत नाही. साझची पाकिटं त्यामुळे तशीच पडून आहेत. मालकांना लागर हवीच असेल तर डीप फ्रीझर टळणार नाही, आणि तो आधीच घेतला असता तर दुसऱ्या घाण्यात रात्रीच्या बाटल्यांची धावपळ वाचली असती. सहायकाचं म्हणणं उलट आहे: फ्रीझर आधी आला असता तर क्वेइक कोणी करूनच पाहिलं नसतं.

हॉप्स सध्या हॉटेलच्या फ्रीझरमध्ये, हवा काढून सील केलेल्या पिशव्यांत, आइस्क्रीमच्या डब्यांमागे तळाला असतात. वीज गेली की त्या फ्रीझरचं झाकण उघडायचं नाही, अशी चिठ्ठी वर लावली आहे. पूड घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, पाचशे-पाचशे ग्रॅमच्या पिशव्या करून ठेवतात, म्हणजे एक पिशवी फोडली तरी बाकीच्यांना पाऊस लागत नाही.